उंचावर, चार

सकाळी आठ वाजता मच्छिंद्र कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलत होता, तेवढ्यात गच्चीवरून टिटवी ओरडली आणि नरसाळं त्याच्या हातून निसटून चौथऱ्यावर आपटलं. एरवी तो वस्तू पाडणाऱ्यांतला नव्हता. सात वर्षं रोज सकाळी हेच करत आला होता. नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, मोजपात्रात उपडी करायची, आणि जे निघेल ते नोंदवहीत लिहायचं. गेल्या वर्षभरात निघण्यासारखं फारसं काही नव्हतंच. ‘निरंक’ हा शब्द त्याच्या बोटांना इतका सवयीचा झाला होता, की एकदा मुलीच्या शाळेच्या अर्जावरही नको त्या रकान्यात तोच उमटला, आणि बायको मालन दोन दिवस त्याला हसत होती. आज मात्र त्याचे हात गार पडले होते. वैशाखातलं ऊन आठ वाजताच मानेला चटके देत होतं आणि हात गार. आवाराच्या फाटकाशी बसलेला शिपाई श्रीमंत उठून आला. “भाऊसाहेब, पायावर पडलं का?” त्यानं विचारलं. मच्छिंद्रनं वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर ती उभी होती, पिवळ्या काटक्या पायांवर, डोळ्यांपाशी तो लाल तुकडा. मान खालीवर करत ती त्याच्याकडेच बघत होती असं त्याला वाटलं. “गेल्या सालचीच दिसती,” श्रीमंत म्हणाला, “परत आली बघा अंडी घालायला. गच्चीवरच्या टाकीचं सिमेंट तडकलंय वाटतं, परत गळतीय.” मच्छिंद्रनं बाटली मोजपात्रात उपडी केली. तळाला थोडी धूळ पडली. त्यानं नोंदवहीत निरंक लिहिलं आणि पेनाचं टोपण लावायला विसरून तो खुर्चीवर बसून राहिला.

शेवगावच्या पूर्वेला, जिथं काळी जमीन संपून मुरमाड माळ लागतो, तिथलं त्याचं गाव. त्या गावात पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरातला माणूस टिटवी बघत आला होता. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की पहाटे उठून, अनवाणी, कुणाशी एक शब्द न बोलता माळावर जायचं. टिटवी घरटं असं बांधत नाहीच, खड्यांत एक उथळ खळगा करते आणि त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी घालते. ती शोधायला नजर लागते. अंड्यांवर आपली सावली पडू द्यायची नाही, हात लावायचा नाही, आणि परत येऊन मारुतीच्या पारावर दोनच गोष्टी सांगायच्या: उंचावर की खोलात, आणि किती. उंचावर घातली असली तर ओढ्याला पूर येणार, म्हणून ती वर गेली. ओढ्याच्या पात्रात घातली असली तर पाण्याची आशा करू नका. जितकी अंडी तितके महिने पाऊस. जागा मात्र कुणी विचारायची नाही. जागा कळली की उनाड पोरं जाणार, कुत्री जाणार, आणि बघणाऱ्याच्या घराला पाप. त्यामुळे शंभर घरांचं गाव एका माणसाच्या दोन शब्दांवर पेरायचं की थांबायचं ते ठरवायचं, आणि तो माणूस कुठं काय बघून आला ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं. मच्छिंद्र लहान असताना नाना, म्हणजे त्याचे वडील सूर्यभान, त्याला एकदा बरोबर घेऊन गेले होते. नानांच्या पाठीवर बाराबंदी घामानं चिकटली होती. ते मध्येच थांबले, त्याचा खांदा धरून त्याला खाली बसवलं आणि समोरच्या खड्यांकडे नुसतं बोट केलं. त्याला काही दिसेना. खडेच खडे. मग एकदम चार खडे अंडी झाली आणि त्याच्या अंगावर काटा आला. परतताना नानांनी गावाच्या शिवेत पाय टाकल्यावर तोंड उघडलं होतं. “मान्सं खोटं बोलत्यात,” ते म्हणाले होते, “पाखरू बोलत न्हाई. म्हनून त्याला खोटं जमत न्हाई.” हे वाक्य मच्छिंद्रनं आयुष्यभर जपून ठेवलं. पुढे तो शिकला, नगरला कारकून झाला, पावसाचं मोजमाप त्याच्याकडे आलं तेव्हा नाना सगळ्यांना सांगत फिरले, की आमच्या घराचंच काम सरकारनं त्याला दिलं. कचेरीत तो हे कुणाला सांगत नसे. पण नरसाळं उचलताना दर वेळी त्याला थोडा अभिमान वाटायचा, हे खोटं नाही.

आणि तरी गेल्या वर्षी त्यानं जे केलं ते केलं. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. त्यांनी निरोप धाडला, आवंदा तू ये. दोन वर्षं पाऊस तुटक पडला होता, कुणाच्याही कणगीत बियाण्यापुरतीच बाजरी उरली होती, आणि नक्षत्रं आपापल्या वेळा विसरल्यासारखी वागत होती. म्हातारी माणसं म्हणायची, पूर्वी मृगाच्या आदल्या दिवशी वारा फिरायचा, आता वारा कुठूनही येतो. त्यामुळे गावाला त्या दोन शब्दांची कधी नव्हती एवढी गरज होती. मच्छिंद्र आखितीला गेला, पण पहाटे नाही. नगरहून निघालेली पहिली एस.टी. वाटेत बंद पडली आणि तो गावात पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चपला काढून तो माळावर गेला. तळपाय भाजत होते. माळ त्याच्या ओळखीचा राहिला नव्हता. गवताचं एक पातं नाही, बोरीची झुडपं सरपणाला तोडलेली, ओढ्याच्या पात्रात चिखलही नाही, फक्त भेगा. तो निम्मा माळ फिरला. एकही टिटवी उठली नाही. अंडी असली की ती डोक्यावर घिरट्या घालते, आरडाओरडा करून माणसाला हुसकते, हे त्याला माहीत होतं. वर आभाळ नुसतं पांढरं होतं. मग त्यानं घड्याळ बघितलं. आज, कचेरीच्या खुर्चीवर बसून, तो स्वतःला हा क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होता, कारण बाकी सगळ्याला काही ना काही सबब होती, या क्षणाला नव्हती. चार वाजता परतीची गाडी होती. उरलेला निम्मा माळ बघायचा तर ती चुकली असती, दुसऱ्या दिवशी रजा पडली असती. आणि नेमकं तेव्हाच त्याला आठवलं, की गेल्या आठवड्यात कचेरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पसरलेल्या खडीत, आपण टिटवीची अंडी पाहिली आहेत. चार. गच्चीवर. गच्चीपेक्षा उंच ते काय असतं? आणि पाखराला का गाव आणि शहर कळतं? त्याला खरोखर आनंद झाला होता. आपण लबाडी करतो आहोत असं वाटलंच नव्हतं. पारावर वीस-पंचवीस माणसं बसली होती. नाना मधोमध, मान जरा तिरपी, कान त्याच्या पावलांकडे. “उंचावर,” तो म्हणाला. “किती?” “चार.” कुणी जागा विचारली नाही. त्यांच्यातल्या बन्सीनं पारावरच्या मारुतीपुढं नारळ फोडला. नानांनी हात लांब करून त्याच्या दंडाला धरलं आणि सोडेचनात. त्याला गाडीची घाई होती. त्यानं तो हात हळूच सोडवला.

गावानं मृग लागायच्या आधीच धुळीत पेरलं. पाऊस नक्की आहे असं कळलं की असं पेरतात, म्हणजे पहिल्या पाण्याचा थेंबही वाया जात नाही. कणग्या पार तळापर्यंत झाडल्या, बियाणं म्हणून घरात टांगलेली कणसंसुद्धा चोळली. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. मच्छिंद्र रोज आठला नरसाळं उचलायचा आणि निरंक लिहायचा, आणि त्याला ठाऊक असायचं की पन्नास मैलांवर तेच निरंक मातीत चाललं आहे, बियांना मुंग्या लागताहेत. तो टिटवीवर चिडला. हे सांगायला कुणालाही लाज वाटेल, पण शिकलेला सरकारी माणूस एका पाखरावर मनापासून चिडला होता. खोटं जमत नाही म्हणे! पहिली अंडी कावळ्यांनी नेल्यावर तिनं तिथंच पुन्हा चार घातली होती, आणि दुपारच्या सुट्टीत तो गच्चीवर जाऊन तिच्याकडे बघत उभा राहायचा. ती ओरडून ओरडून त्याच्या अंगावर यायची. एकदा त्यानं पाहिलं, की ती अंड्यांवरून उठली, टाकीच्या खालच्या अंगाला जिथं पाणी झिरपत होतं तिथं जाऊन पोट भिजवून आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा गेली. पुन्हा भिजून आली. तापलेल्या गच्चीवर ती अंडी निववत होती. त्याला नवल वाटलं, पण त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही. उलट शहरात पाण्याची ओरड सुरू झाली होती, म्हणून कर्तव्यदक्ष कारकुनासारखी त्यानं टिपणी लिहिली, की टाकीस गळती असून टंचाईच्या दिवसांत पाणी वाया जात आहे. टिपणी मंजूर झाली. श्रीमंतनं सिमेंट लावलं. चार दिवसांनी श्रीमंतच ओंजळीत अंडी घेऊन खाली आला. “सोडून गेली जनू,” तो म्हणाला. मच्छिंद्रनं एक हातात घेतलं. ते नुकत्याच उतरवलेल्या भाकरीएवढं गरम होतं आणि त्याला वजन नव्हतं. तेव्हा, अगदी तेव्हा, त्याला कळलं. ती पुराला भिऊन वर आली नव्हती. ओढा आटला, माळ भाजला, म्हणून ती पाणी शोधत शोधत नगरपर्यंत आली होती, आणि तिला सगळ्या मुलखात ही एक गळकी टाकी सापडली होती. तिनं कुणाला काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते त्यानं. ती तर बिचारी त्याच्याच भरवशावर बसली होती, आणि तिचंही पाणी त्यानंच तोडलं. त्या दिवसापासून त्याला गच्चीचा जिना चढवेना. पाखरू खोटं बोललं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

गावात कुणी नानांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी विचारणं बंद केलं, एवढंच. सकाळी पारावर कुणी “नाना, वारं कसं काय?” म्हणायचं थांबलं. वर्ष सरत आलं तसं अर्धं गाव ऊस तोडायला गेलं, पण ऊसच वाळला होता, तेव्हा माघारी येऊन सगळी माणसं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर लागली. बायका पाट्या वाहू लागल्या, म्हातारे खडी फोडू लागले. नाना पण गेले. मच्छिंद्रनं त्यांना नगरला चला म्हणून किती विनवलं, ते आले नाहीत. “गावासंगं पेरलं,” ते म्हणाले, “आता गावासंगं फोडतो.” आणि परवा बन्सी कचेरीत आला होता. बन्सी त्याच्या बरोबरीचा, शाळेत एका पाटीवर लिहिलेला. बाकावर बसून त्यानं आधी तांब्याभर पाणी संपवलं. मग म्हणाला, “सरकारी बियानं येनार हाय म्हनत्यात. लोक मागं हसत्यात, पर तुला सांगतो मच्छिंद्र, पेरायच्या वक्ताला पुन्ना नानांच्याच तोंडाकडं बघत्याल. दुसरं बघायचं कुनाकडं? नानांनी तुला इचारलंय, टिटवी दिसली का आवंदा?” मच्छिंद्र म्हणाला, नाही. तेव्हा ते खरं होतं. आणि आज सकाळी ती कठड्यावर येऊन उभी राहिली होती. दिवसभर ती ओरडत राहिली. साहेबांनी दोनदा विचारलं की तुमची तब्येत ठीक आहे ना. संध्याकाळी मालननं ताटात मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी वाढली, तांबूस, कोरडी, तोंडात घोळणारी. तिनं विचारलं, “काय झालंय?” त्याला सांगायचं होतं. पण ते सांगायचं ते पहिल्यांदा मालनला नाही, हे त्याला त्या घासाबरोबर कळलं. बियाणं दुसऱ्यांदा मातीत जायच्या आत जाऊन सांगायला हवं होतं, आणि ते सांगितल्यावर नानांना मुलगा उरणार नाही अशी त्याला भीती वाटत होती. खरी भीती वाटत होती.

रविवारी तो गेला. नेवाशाकडची माणसं गाडीत धरणाच्या पाण्याबद्दल भांडत होती, खिडकीतून पांढरी शेतं मागं जात होती, एका ठिकाणी बैलांच्या हाडांचा ढीग होता आणि त्यावर एकही गिधाड नव्हतं. तलावाच्या कामावर पोचला तेव्हा कामावरच्यांना खायला मिळणारी सुकडी वाटून झाली होती आणि हातोडे पुन्हा सुरू झाले होते. शे-दोनशे हातोड्यांचा आवाज मोकळ्या माळावर विचित्र वाटतो. एकाला दुसऱ्याचा मेळ नसतो, आणि कान मेळ शोधत राहतो. नाना एका फाटक्या पोत्याच्या सावलीत बसले होते. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. दगड हातानं चाचपायचा, त्याची नस, म्हणजे जिथं तो फुटेल ती रेघ, शोधायची, आणि मग हातोडा. शेजारी छबूबाई, पारामागच्या घरातली, त्यांच्यापुढं दगड सरकवत होती. तिनं त्याला पाहिलं. “आलं का सरकार,” ती म्हणाली. “नाना, तुमचा मच्छिंद्र आलाय. त्याच्या टिटवीनं आमची कनगी खाल्ली, आता काय खायाला आलीया इचारा.” हसत म्हणाली, पण मच्छिंद्रला हसू आलं नाही. तो नानांसमोर उकिडवा बसला. खडीचा धुरळा नानांच्या पापण्यांवर बसला होता. त्यांनी मान तिरपी केली. अगदी तशीच, पारावर केली होती तशी.

“दिसली का?” नानांनी विचारलं.

“दिसली. पर नाना, आधी गेल्या सालचं सांगायचंय.” त्यानं पुढ्यातला एक खडा बाजूला सारला. “ती अंडी माळावर न्हवती.”

हातोडा उतरला. दगड दोन ठिकाणी फुटला. नानांनी त्यातला मोठा तुकडा चाचपून पुन्हा पुढं घेतला. “ठावं हाय,” ते म्हणाले.

मच्छिंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “तुमाला ठावं हुतं?”

“तू यायच्या आधी दोन दिस म्या गेल्तो. डोळं न्हाईत तर काय झालं, हात हुते. गुडघ्यावर रांगत समदा माळ चाचपला. वड्याचं पात्र बी. एक टिटवी वरडली न्हाई माज्यावर.”

“मंग गावाला पेरा का म्हनलासा?”

“तू म्हनलास, उंचावर, चार.” नानांनी बोटाची सैल झालेली चिंधी आवळली. “माज्या हाताला न्हाई लागली. म्हनलं आपलाच हात चुकला आसंल. शिकल्यालं पोरगं हाय. आन् डोळं तुजं.”

मच्छिंद्रला रागच आला, आणि तो कुणावर आला ते त्याला कळेना. ते गप्प का बसले? तेव्हाच त्याला धरून का विचारलं नाही? मग त्याला आठवलं, की त्यांनी धरलं होतं. दंडाला धरलं होतं आणि सोडत नव्हते. ते शाबासकीचं धरणं होतं असं तो वर्षभर समजत होता.

“कुठं हुती?” नानांनी विचारलं. आजवर हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता, आणि शेजारी छबूबाईचा हात दगड सरकवता सरकवता थांबला.

“नगरला. कचेरीच्या गच्चीवर. टाकीपाशी.”

“टाकी गळती?”

“गळत हुती. आवंदा बी गळती. आवंदा बी तिथंच आलीया.”

नानांनी मान हलवली. “मंग ती पान्यापाशी गेली,” ते म्हणाले. “तिचं काय चुकलं.” त्यांनी दगडाची नस शोधली, पण हातोडा उचलला नाही. “तुज्या त्या भांड्यात रोज बघतोस म्हनं पानी. काय निगालं न्हाई तर काय लिवतोस?”

“निरंक.”

“म्हंजी?”

“काय न्हाई म्हनून.”

“रोज?”

“रोज.”

“चारच्या गाडीनं गेल्तास त्या दिशी,” नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उन्हात बसून थकलेल्या माणसाचा असतो तेवढाच होता. “त्या वहीत कदी गाडी गाठायची म्हनून चार लिवलंस का?”

मच्छिंद्रनं मान हलवली. मग नानांना ती दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. नाना तसेच, कान त्याच्याकडे करून, थांबले होते. तेव्हा तो शेजारच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं “न्हाई” म्हणाला, आणि आजूबाजूचे हातोडे एकेक करून थांबले.